काचेच्या नळ्यांचा सोलर की तांब्याचा?

बंब सोडून सोलर घ्यायचा म्हटलं, की दुकानदार दोन नमुने दाखवतो: काचेच्या नळ्यांचा ईटीसी आणि काळ्या सपाट पेटीचा एफपीसी. चौघांच्या घराला कोणत्याही नमुन्यात 100 लिटरची टाकी पुरते.

आधी पाणी बघा, किंमत नंतर. जत, कवठेमहांकाळकडे बोअरचं पाणी जड. हंड्याच्या तळाला पांढरा थर धरतो. तोच क्षार एफपीसीच्या जेमतेम अर्ध्या इंची तांब्याच्या नळ्यांत बसतो आणि पाणी कोमट येऊ लागतं. मग ॲसिडने धुणं आलं. ईटीसीची नळी 47 किंवा 58 मिलिमीटरची. थर तिथेही धरतो, पण नळी काढून साफ करता येते. शिवाय स्वस्त.

काच फुटते, हे मात्र खरं. एक नळी गेली की सगळी टाकी रिकामी. स्लॅबवर माकडं नाचणाऱ्या गावात तर विचारूच नका. पाणी गोडं असेल तर पदरचे चार पैसे जास्त घालून एफपीसीच घ्यावा, टिकतो.

पाटण, महाबळेश्वरकडच्या पावसात दोन्ही सारखेच गार. तेवढ्या महिन्यांसाठी बंब ठेवा, भंगारवाला कितीही भाव देवो.