दहा महिने टॅरो: आधी चित्र, मग पुस्तक आणि रोजची वही

मृगात मागवलेला टॅरोचा डेक, म्हणजे भविष्य किंवा मन वाचायला वापरतात तो चित्रांच्या कार्डांचा संच. आता पाडवाही होऊन गेला. दहा महिने जवळपास रोज हाताळल्यावर लिहायला बसले आहे. बहुतेक जण घेतल्या घेतल्या आठ दिवसांत लिहितात, आणि त्या आठ दिवसांत टॅरोबद्दल काहीच कळत नाही.

डेक नेहमीचा रायडर-वेट. ७८ कार्डं, त्यातली २२ मेजर आर्काना (मून म्हणजे चंद्र, अशी स्वतःचं नाव असलेली) आणि ५६ मायनर (पत्त्यांसारखी चार रंगांची). तो १९०९ साली लंडनला निघाला. रायडर हे प्रकाशकाचं नाव, आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची. चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी, आणि नावात मात्र त्यांना जागा मिळाली नव्हती. आता कुठे लोक 'रायडर-वेट-स्मिथ' म्हणू लागलेत. कार्डावर कोपऱ्यात त्यांची छोटी नागमोडी सही असते. मी आधी एक स्वस्त संच मागवला होता, त्यात कडा इतक्या आत कापल्या होत्या की सही अर्धी गेलेली आणि रंग धुतल्यासारखे. परत केला. तुम्ही घेताना ही सही बघून घ्या. कार्डं पत्त्यांपेक्षा बरीच मोठी आहेत, माझ्या हातात पिसताना सुरुवातीला सांडायची. लातूरच्या उन्हाळ्यात घामेजल्या बोटांना चिकटतात, म्हणून आईच्या जुन्या इरकलीची पिशवी शिवली आहे. कागद अजून तरी टिकून आहे.

हाच डेक का, याला कारण आहे. जुन्या बहुतेक संचांत मायनर कार्डांवर नुसते चार पेले, सात तलवारी अशी मोजणी असायची, पत्त्यातल्या बदाम-इस्पिकासारखी. स्मिथबाईंनी त्या सगळ्यांवर माणसं, आभाळ, पाणी, घरं काढली. नवख्याच्या नजरेला धरायला काहीतरी मिळतं.

पहिले दोन महिने मी वाया घालवले. कार्ड काढायचं, लगेच पुस्तिका उघडायची, अर्थ पाठ करायचा. एका ऑनलाइन वर्गात बाई सांगायच्या, 'आतला आवाज ऐका.' तो ओळखायचा कसा, हे कुणी सांगेना. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे पाच नाण्यांचं कार्ड, आलं की मी 'आर्थिक तंगी, एकटेपणा' म्हणायचे आणि पुढे जायचे. एके दिवशी पुस्तिका सापडेना, म्हणून नुसतं बघत बसले. दोन माणसं बर्फातून चाललीत, एकाच्या हाताखाली कुबड्या, मागे रंगीत काचांची खिडकी उजळलेली. बर्फ मी पाहिलेला नाही. पण डोळ्यांसमोर आलं ते २०१६ सालचं लातूर. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं त्या एप्रिलातलं. टँकरच्या रांगेत घागरी मांडून बसलेली आम्ही माणसं, आणि शेजारच्या गल्लीत स्वतःचा बोअर चालू असलेलं एक घर, ज्याचं दार कुणीच वाजवत नव्हतं. मला तेव्हा सुचलं की या कार्डातली माणसं खिडकीकडे बघतच नाहीयेत. तंगी आहेच, पण मागण्याचा संकोचही आहे. हे माझं मी पाहिलं होतं. टॅरो तिथून सुरू झालं.

तेव्हापासून क्रम बदलला. सकाळी एक कार्ड. तीन मिनिटं फक्त चित्र. नजर पहिल्यांदा कुठे गेली, अंगात काय झालं, कुठली आठवण आली, ते वहीत. मग पुस्तिका. रात्री दिवस कसा गेला ते समोरच्या रकान्यात. शाईच्या पेनानं, खाडाखोड न करता.

वहीचा हट्ट का, ते सांगायला गावाकडे जावं लागेल. औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात तीन बोअर पाडले, तिन्ही वेळा पाणाडी आणला होता. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो शेतभर फिरायचा आणि नारळ जिथे उभा राहील तिथे दगड ठेवायचा. एका बोअरला पाणी लागलं, दोन कोरडे गेले. आजोबा मरेपर्यंत लागलेल्याचीच गोष्ट सांगत राहिले. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फटींमध्ये असतं, फट लागली तर लागली. मी आजोबांना दोष देत नाही. दोन कोरड्या बोअरचं कर्ज उरावर असताना माणूस ओल्या बोअरचीच आठवण जपणार. पण कार्डांच्या बाबतीत माझंही तसंच होत होतं. बरोबर आलेलं लख्ख आठवायचं, चुकलेलं दुसऱ्या दिवशी विसरायचे. वहीत दोन्ही राहतं.

समोरचा माणूस 'अगदी बरोबर!' म्हणाला म्हणजे आपलं अंतर्ज्ञान खरं, असंही नाही. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं, प्रत्येकाला वाटलं ते आपल्यासाठीच लिहिलंय, आणि त्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं. हे वाचल्यावर मी दोन रात्री डेक उघडला नाही.

मग वडिलांशी बोलले. ते आडत बाजारात मुनीम होते. सोयाबीन मुठीत घेऊन, एक दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगायचे. मी विचारलं, कसं कळायचं? म्हणाले, 'सांगितलं की लगेच मशीन लावायचे ना. बारा टक्क्यांच्या वर की खाली, तिथल्या तिथं. चुकलो की कळायचं. हजार वेळा चुकल्यावर हात शिकला.' डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाईन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००९ सालच्या लेखात जवळपास हेच मांडलंय: जिथे गोष्टी काही नेमानं घडतात आणि आपलं चुकलं-बरोबर आपल्याला कळत राहतं, तिथेच अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवता येतो. सोयाबीनचा ओलावा तसा आहे. उद्याचा भाव तसा नाही. म्हणून भाव, बोअरचं पाणी, दुखणं आणि नीटचे मार्क, हे चार प्रश्न मी कार्डांना घालत नाही. मी औषधाच्या दुकानात काम करते, आजूबाजूला क्लासची पोरं राहतात. निकालाच्या आधी त्यांचे चेहरे बघून फार वाटतं काहीतरी सांगावं. तरी नाही.

माणूस मात्र वाचता येतो. दिवाळीनंतर मामा आले होते. सोयाबीन घरातच पडून होतं, विकू की ठेवू म्हणाले. भावाचं सांगणार नाही, पण एक कार्ड काढा म्हटलं. सेव्हन ऑफ पेंटॅकल्स निघालं. शेतकरी कुदळीच्या दांड्यावर रेलून वेलीवरच्या नाण्यांकडे बघतोय. पुस्तिका म्हणते, धीर, केलेल्या कष्टाचा आढावा. माझी नजर त्याच्या मानेवर अडकली. तो पिकाकडे बघतोय, पण त्याचा सगळा भार त्या दांड्यावर आहे. मी विचारलं, 'मामा, झोप लागते का?'

'कशाची झोप माय,' म्हणाले, आणि तासभर बोलले. खासगी देणं होतं, मामीलाही ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी दोघं मिळून बसले, देण्याचा हिशेब कागदावर आला.

रात्री वहीत लिहिताना लक्षात आलं, चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नव्हता. एरवी ते दुसरा कप मागतात. मला ते दिसलं होतं, पण दिसलंय हे कार्ड बघेपर्यंत कळलं नव्हतं. माझ्या अनुभवात कार्ड हे करतं. ते बाहेरून काही आणून देत नाही. आपण टिपलेलं, पण न उच्चारलेलं, ते वर आणतं. मला हे कमी महत्त्वाचं वाटत नाही.

आणि आता चुकलेलं, जे लिहायला जड जातंय. धाकट्या बहिणीला परभणीचं स्थळ आलं, तेव्हा मी कार्ड काढलं होतं, मून निघालं. चंद्राखाली कुत्रा आणि लांडगा, पाण्यातून वर येणारी नांगीची शेवंडी. मनात शंकेची पाल चुकचुकली: हे लोक काहीतरी लपवताहेत. मी आईला तसं बोलून बसले. घरात पंधरा दिवस ताण होता. चौकशीत काहीच वावगं निघालं नाही, लग्न झालं, बहीण सुखात आहे. वही मागे चाळली तर त्याच आठवड्यात तीन वेळा लिहिलेलं: 'ती गेल्यावर घर रिकामं होईल.' लपवत मीच होते. बहिणीची माफी मागितली आहे.

यातून मला एक खूण मिळाली. भीती पूर्ण वाक्य घेऊन येते, घाई करते, निर्णय सांगते. नजर एखाद्या बारीक गोष्टीवर थांबते तेव्हा ती प्रश्न विचारायला लावते. मामांच्या वेळी मी प्रश्न विचारला, बहिणीच्या वेळी निकाल दिला. आता मनात निकाल आला तर कार्ड पालथं घालते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते. घरच्यांच्या लग्नाकार्यात तर काढतच नाही.

घ्यावं का? रोज पंधरा मिनिटं आणि एक दोनशे पानी वही देणार असाल तर जरूर. उत्तरं हवी असतील तर निराशा होईल. तीन कार्डांच्या वरचे मोठे स्प्रेड, म्हणजे एकदम अनेक कार्डांची मांडणी, पहिलं वर्षभर नको, इतकी चित्रं एकदम बघताना नजर कुठेच थांबत नाही.

एक अडचण अजून सुटलेली नाही. राजा, राणी, नाइट, पेज ही सोळा कार्डं माझ्याशी बोलत नाहीत. त्यातली क्वीन ऑफ स्वोर्ड्स, तलवारींची राणी, गेल्या महिन्यात चार वेळा आली. डाव्या हातानं कुणाला तरी बोलावते आहे की थांबवते आहे, मला ठरवता येत नाही. चारही दिवशी वहीत तेवढंच लिहिलं आहे.