ट्रेड मशीन: पगार जुळतो, पिकची किंमत शून्य

एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) बघणाऱ्यांना ट्रेड मशीन काय ते सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात: ही एक फुकट वेबसाइट असते. दोन-तीन संघ निवडायचे, कोणता खेळाडू कुठे पाठवायचा ते टिचकी मारून ठरवायचं आणि बटण दाबायचं. लीगचे नियम लावून ती सांगते, हिरवा म्हणजे चालेल, लाल म्हणजे चालणार नाही. लाल आला तर खाली कारणही देते. अशा तीन-चार साइट आहेत, घाट साधारण एकच. मी त्यातली एक वापरते, पण इथे लिहिलेलं बरंचसं सगळ्यांनाच लागू पडेल.

मी बॉस्टनजवळ राहते, पोटापाण्यासाठी लोकांचे टॅक्स रिटर्न भरते आणि बॉस्टनच्या सेल्टिक्स संघाची चाहती आहे. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात रोज कुणी ना कुणी संघाचा जनरल मॅनेजर होतो. भाचा सगळ्यात पुढे, त्याला दर आठवड्याला यानिससारखा सुपरस्टार हवा असतो. दुसऱ्या टोकाला आमचे काका, जे 1980 साली शिकायला इथे आले आणि सेल्टिक्सचा तेव्हाचा हिरो लॅरी बर्ड याच्या काळातून अजून पुरते बाहेर आलेले नाहीत.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. लीग आणि खेळाडूंच्या 2023 च्या करारात आलेला 'दुसरा एप्रन' (संघाच्या एकूण पगाराची एक रेघ, जिच्या वर गेलं की ट्रेडवर कडक बंधनं येतात) मला लेख वाचून जेवढा कळला नाही तेवढा या मशीनने कळवला. 2025 च्या मे महिन्यात न्यू यॉर्कविरुद्ध खेळताना आमचा मुख्य खेळाडू टेटम याच्या टाचेमागचा अकिलीस कंडरा तुटला, हंगाम संपला आणि पुढच्या वर्षीचं पगाराचं बिल समोर आलं. 2025-26 साठी दुसऱ्या एप्रनची रेघ होती सुमारे 20 कोटी 78 लाख डॉलरवर. आमचा संघ तिच्या बराच वर. ग्रुपवर सगळ्यांचं एकच, चॅम्पियन संघ आहे, मोडू नका, दोन-तीन खेळाडू देऊन एक मोठा आणा.

मी मशीनवर आमचे हॉलिडे आणि हाऊजर एकत्र बांधून एका मोठ्या खेळाडूच्या बदल्यात पाठवले. लाल. कारण: दुसऱ्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला दोन पगारांची बेरीज करून तिसरा मोठा पगार आणता येत नाही. रोख रक्कम घालून बघितली, तीही चालत नाही. जेवढं पाठवता त्याहून जास्त परत घेता येत नाही. मग हॉलिडे एकटा पोर्टलंडला आणि तिकडून सायमन्स: 3 कोटी 24 लाख गेले, 2 कोटी 77 लाख आले. लगेच हिरवा. जूनमध्ये हाच ट्रेड ठरला, पाठोपाठ आमचाच पोर्झिंगिस अटलांटाला गेला आणि बदल्यात जॉर्ज नियांग आला. ग्रुपवर सुतकी वातावरण, "फुकट घालवले" वगैरे. मला मात्र संघाचे व्यवहार बघणाऱ्या ब्रॅड स्टीव्हन्सच्या हातात किती कमी पत्ते आहेत ते आधीच दिसलं होतं. करसल्लागाराचं दुःख असंच असतं म्हणा, रक्कम भरायला लागणारच आहे हे त्याला गिऱ्हाइकाच्या आधी कळतं.

आता माझी खरी तक्रार. मशीन पगार मोजते, आणि ड्राफ्ट पिकला, म्हणजे दरवर्षी नव्या खेळाडूंच्या निवडीत आपल्या नंबरावर खेळाडू उचलायच्या हक्काला, पगार नसतो. म्हणून पिकची किंमत तिच्या हिशेबात शून्य. नियमाप्रमाणे हे बरोबरच आहे, पगार जुळवताना पिक मोजलेच जात नाहीत. पण बॉस्टनचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला हे शून्य बघून हसू येतं. कारण आमच्या छताला लटकणारे विजेतेपदाचे बहुतेक बॅनर याच शून्यातून आलेत.

काकांनी मला एकदा फर्मान काढलं, "तुझ्या त्या यंत्रात 1980 चा ट्रेड घालून दाखव." घालता येत नाही. मशीनमध्ये फक्त आजचे संघ असतात, आणि 1980 साली तर सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) नव्हतीच, ती आली 1984-85 ला. पण तो ट्रेड कागदावर मांडला तरी गंमत कळते. तेव्हा सेल्टिक्सचे व्यवहार बघणाऱ्या रेड आवरबाखने गोल्डन स्टेटला पहिला आणि तेरावा पिक दिला, बदल्यात रॉबर्ट पॅरिश आणि तिसरा पिक घेतला. त्या तिसऱ्या पिकवर आला केव्हिन मॅकहेल. बर्ड आधीच होता. 1981, 84 आणि 86 ची विजेतेपदं तिथून निघाली. मशीनच्या नजरेने बघितलं तर त्या व्यवहारात पगार असलेला माणूस एकच, पॅरिश. बाकी सगळी हवा.

त्याही आधी, 1956. सेंट लुइस हॉक्सकडे दुसरा पिक होता. आवरबाखने एड मकॉली आणि क्लिफ हेगन देऊन त्या पिकवरच्या बिल रसेलचे हक्क मिळवले. पुढच्या तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं. काका हे सांगताना एक गोष्ट नेहमी गाळतात: 1958 ला हॉक्सनी याच मकॉली-हेगनला घेऊन अंतिम फेरीत सेल्टिक्सलाच हरवलं होतं. म्हणजे समोरचा काही अगदीच बुद्धू नव्हता.

आणि हे सगळं जुनं म्हणून सोडून देता येत नाही. 2013 ला गार्नेट आणि पिअर्स ब्रुकलिनला गेले तेव्हा निम्मं शहर हळहळलं. बदल्यात आलेल्या पिकमधून 2016 ला जेलन ब्राऊन आला. 2017 ला ब्रुकलिनशी पिकची अदलाबदल करून पहिला नंबर हाती आला, तो फिलाडेल्फियाला देऊन सेल्टिक्स तिसऱ्या नंबरवर उतरले, वर एक पिक जास्तीचा घेतला आणि टेटम उचलला. फिलाडेल्फियासारखा नुसत्या पिकचा व्यवहार मशीनवर करून बघा. इकडे शून्य, तिकडे शून्य, हिरवा. 2024 चा अठरावा बॅनर त्या शून्यावर उभा आहे.

पिकच्या बाबतीत मशीन एकच गोष्ट नीट करते, लागोपाठ दोन वर्षांचे पहिल्या फेरीतले पिक देऊ देत नाही. हा स्टेपियन नियम. क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पिक इतके उधळले की लीगला नियमच करावा लागला. आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी लेकर्सना 1982 मध्ये जेम्स वर्दी मिळाला तो क्लीव्हलंडच्याच पिकवर, पण हा विषय काकांच्या घरी काढायचा नसतो.

समोरचा संघ हो म्हणेल का, हे मशीन सांगत नाही. काही साइट ट्रेडनंतर कुणाचे किती विजय वाढतील असा अंदाज देतात. तो मी बघतच नाही. 2025 च्या फेब्रुवारीत डॅलसने लुका डॉन्चिच लेकर्सना दिला, अँथनी डेव्हिसच्या बदल्यात. आदल्या दिवशी भाच्याने हा ट्रेड ग्रुपवर टाकला असता तर आम्ही त्याला हसून हसून हाकलला असता. बातमी आली तेव्हा बातमीदाराचं खातंच हॅक झालं असं कितीतरी लोकांना वाटलं होतं. पगार जुळत होते, एवढंच मशीनने सांगितलं असतं.

वापरायला कशी आहे? लॅपटॉपवर झकास. फोनवर दोन संघांपर्यंत ठीक. तिसरा घेतला की स्क्रीन आडवी सरकवत बसावं लागतं आणि मधेच जाहिरात उघडते. नुकताच ट्रेड झालेला खेळाडू कधीकधी जुन्याच संघात दिसत राहतो, त्यामुळे पानावर तळाशी असलेली अद्ययावत तारीख आधी बघावी. ट्रेड झाल्यावर ज्यांचा पगार करारानुसार वाढतो त्यांची ती वाढ माझी मशीन धरते, पण दाखवते इतक्या बारीक अक्षरात की भाच्याचे अर्धे ट्रेड तिथेच लाल होतात आणि त्याला कारण सापडत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. नियम शिकायचे असतील तर याहून सोपं साधन मला माहीत नाही. वाद मिटवायचा असेल तर हिच्या नादी लागू नका. भाचा हिरवा स्क्रीनशॉट टाकतो, काका त्याखाली लिहितात, "रेडला मशीन नाही, फोन लागायचा," आणि पुढचे दोन तास कामं ठप्प.

काकांची एक सूचना मात्र साइटवाल्यांनी घ्यावी असं मलाही वाटतं. प्रत्येक पिकशेजारी, तो नंबर पूर्वी कुणाकुणाकडून आला आणि त्यावर कोण निवडला गेला, एवढं लिहावं. 1984 ला जेराल्ड हेंडरसन सिअ‍ॅटलला देऊन आलेला पिक दोन वर्षांनी दुसऱ्या नंबरचा निघाला आणि त्यावर लेन बायस आला, जो ड्राफ्टनंतर दोनच दिवसांनी वारला, हेही त्यात यावं.