१ एमएम मॅट लॅमिनेट: शीट जबरदस्त, पण कडा आणि मागची बाजू नीट बघा

किचनच्या ट्रॉल्या आणि वॉर्डरोब दोन्हीला १ एमएमचं मॅट लॅमिनेट लावलंय, म्हणजे आपण सरसकट सनमायका म्हणतो तेच, आणि रोजच्या वापरानंतर सांगतो, मटेरियल एकदम दमदार आहे. बऱ्याच जणांना वाटतं हे प्लास्टिक आहे, पण मुळात हा कागद आहे. खाली फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेल्या तपकिरी क्राफ्ट पेपरचे थर, वर मेलामाइन रेझिनमधला डिझाइनचा छापील कागद, आणि हे सगळं प्रेसमध्ये साधारण १२० ते १५० डिग्री तापमानात प्रचंड दाबाखाली एकजीव करतात. एकदा रेझिन पक्कं झालं की ते परत वितळत नाही, म्हणून चहा सांडला, तेलाचा हात लागला तरी पुसलं की साफ. मॅट, ग्लॉस किंवा लाकडाच्या रेषांचा खरखरीतपणा बहुतेक वेळा प्रेसमधल्या स्टीलच्या प्लेटवरून उमटतो. गडद ग्लॉसी शीट मात्र मला अजिबात नको, बोटांचे ठसे आणि बारीक ओरखडे लगेच दिसतात!

आता खरी मेख. शीट कितीही भारी असली तरी पाणी शिरतं ते कडेतून, आणि एकदा शीटखालचा लाकडी बोर्ड फुगला की वरचं लॅमिनेट काहीच करू शकत नाही, म्हणून सिंकखालच्या शटरला, म्हणजे कपाटाच्या दाराला, चारही बाजूंनी पीव्हीसी एजबँड (कड झाकणारी प्लास्टिकची पट्टी) लावूनच घ्या, खालची कड दिसत नाही म्हणून सुतार सोडून देतात तिथे अडून बसा. दुसरं म्हणजे आतल्या बाजूचं लायनर, म्हणजे शटरच्या मागच्या बाजूला लावायची लॅमिनेटची शीट. कागद दमट हवेत थोडा प्रसरतो, कोरड्या हवेत आकसतो, एकाच बाजूला लॅमिनेट असेल तर शटरला बाक येतो आणि मग बिजागरी कितीही अ‍ॅडजस्ट करा, दार नीट बसत नाही. पैसे वाचवायला इथे नुसता रंग मारू नका.

कोपऱ्यावर दोन शीट जुळतात तिथे तपकिरी रेघ दिसते, तो आतला क्राफ्ट पेपर, त्यात डिफेक्ट काही नाही. गोल कड हवी असेल तर पोस्टफॉर्मिंग ग्रेडच मागा, साधी शीट वाकवताना तडकते.

काम ताब्यात घेताना बोटाने टकटक करत जा, पोकळ आवाज आला तर तिथे गोंद धरलेला नाही. गॅसवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवू नका, तारेची घासणी आणि अ‍ॅसिडचं क्लीनर लांबच ठेवा, ओला मऊ कपडा आणि थोडा भांड्याचा साबण पुरतो.