जिप्सम बोर्डचं पार्टिशन आणि हवामानाचं निमित्त

आईला साताऱ्याहून कायमची आमच्याकडे आणायची होती. धायरीतल्या आमच्या फ्लॅटचा हॉल मोठा आहे, म्हणून त्यातच जिप्सम बोर्डचं, म्हणजे दोन्ही बाजूंना कागद असलेल्या जिप्समच्या तक्त्यांचं पार्टिशन घालून तिला खोली काढायची आणि वर फॉल्स सीलिंग करायचं ठरलं. ठेकेदार ओळखीतून आलेला. जुलैअखेरचा धो धो पाऊस चालू होता, म्हणून मी विचारलं, एवढ्या ओलसर हवेत हे करायचं का? "ताई, हे कोरडं काम. पाण्याचा संबंधच नाही. गणपतीच्या आधी खोली देतो." १,३८,००० रुपये ठरले. त्यातले १,२५,००० मी काम संपायच्या आधीच देऊन बसले.

बोर्ड दोन दिवस पार्किंगच्या फरशीवर भिंतीला तिरके टेकवलेले होते. खालच्या कडा ओल धरून मऊ पडल्या होत्या. मी दाखवलं, तर "वाळतील" म्हणाला. बोर्ड जमिनीपासून वर, पट्ट्यांवर आडवे ठेवायचे आणि लावण्याआधी त्याच खोलीतल्या हवेत एक-दोन दिवस राहू द्यायचे, हे मला फार उशिरा कळलं.

खरी लबाडी जॉइंटमध्ये झाली. बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातूनच किंचित उतरत्या येतात. दोन बोर्ड जोडले की तिथे उथळ खाच तयार होते. त्या खाचेत जॉइंटिंग कंपाउंड, म्हणजे सांधा भरायचा ओला लगदा, त्यावर कागदी टेप दाबून बसवायची आणि वरून आणखी दोन हात. प्रत्येक हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. पुण्याच्या ऑगस्टात एकेका हाताला दोन दिवसही लागू शकतात. आमच्याकडे दुपारी पहिला हात, संध्याकाळी पुट्टी, रात्रभर समोर हॅलोजन आणि सकाळी प्रायमर! हॅलोजनने वरची साय सुकते, आतली ओल तशीच कोंडून राहते. पाऊस थांबला की खिडक्या उघडून पंखे लावायचे आणि वाट पाहायची, एवढंच करायचं होतं. पण त्याला दिवस लागतात आणि त्याला पुढच्या साइटवर पळायचं होतं.

गणपतीला खोली सुंदर दिसत होती. ऑक्टोबरच्या उन्हात पहिली भेग आली. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत तर दर चार फुटांवर वरपासून खालपर्यंत ओळंब्यात मारल्यासारखी रेघ. बोर्डाची रुंदीच चार फूट, म्हणजे फाटत होते ते फक्त जॉइंट. फोन केला, तर म्हणे, "बिल्डिंग बसतेय ताई, हवामान बदललं की होतंच." मी महिनाभर विश्वास ठेवला. त्याचा अजून राग येतो.

शेवटी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधल्या दुकानदाराने एका जुन्या मिस्त्रीकाकांचा नंबर दिला. त्यांनी ब्लेडने एक जॉइंट उकरला. टेप नव्हतीच. कंपाउंडच्या जागी पीओपीत कालवलेलं व्हाइट सिमेंट. ते कडक होतं, पण हवा सुकल्यावर बोर्ड जरा आकसला की त्याच्याबरोबर सरकत नाही, फुटतं. भिंतीवर साधारण एक फुटावर स्क्रू हवेत, सीलिंगला नऊ इंचांवर. आमच्याकडे भिंतीवरच दीड-दीड फुटांवर होते. बाथरूमच्या बाजूला ओल सोसणाऱ्या बोर्डाचे पैसे बिलात लावलेले. त्या बोर्डाचा कागद हिरवट असतो. आमचा निघाला साधा, पांढरट.

दुरुस्तीला ३१,००० गेले. काकांनी सगळे जॉइंट मोकळे करून टेप बसवली आणि दोन हातांमध्ये पुरेसं थांबले. ते अकरा दिवस आई हॉलमध्ये दिवाणावर झोपली. दिवसभर धुळीने खोकत होती, आणि माझा जीव तुटत होता.

पहिला ठेकेदार आता फोन उचलत नाही. बिल, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज आणि उकरलेल्या जॉइंटचे फोटो जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार द्यायची मुदत दोन वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवरही विचारता येतं.

तुमच्याकडे पावसाळ्यात असं काम चालू असेल, तर पुट्टीचा हात फिरण्याआधी घरी थांबा. टेप डोळ्यांनी पाहा, बोर्डाच्या मागच्या छापाचा फोटो काढा आणि निम्मे पैसे तरी शेवटचा हात वाळेपर्यंत हातात ठेवा. "कोरडं काम आहे" म्हणणाऱ्याला विचारा, मग कंपाउंड वाळायला किती दिवस देणार?