थालीपीठ भाजणी घ्या, लाडू नको

कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत घरगुती पदार्थांचं एक छोटं दुकान आहे. तिथली थालीपीठ भाजणी घ्याच! ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद सगळं वेगवेगळं भाजून, धने-जिरे घालून दळलेलं. पिशवी उघडली की वासावरूनच कळतं, धान्य कच्चं राहिलेलं नाही.

माझा मुलगा तिसरीत. शाळेच्या व्हॅनमधून उतरला की त्याला अजिबात धीर नसतो. म्हणून कांदा-कोथिंबीर मी दुपारीच चिरून ठेवते, पीठ मात्र ऐनवेळी भिजवते. आधी भिजवलं की कांद्याला पाणी सुटतं. तिखट, मीठ, ओवा, जमलं तर किसलेला दुधी (पोरांना पत्ताही लागत नाही). ओल्या फडक्यावर तळहाताएवढीच थापायची, मधे भोक पाडून तेल सोडायचं, वर झाकण. कडा कुरकुरीत होतात, आत मऊ. सोबत लोणी नाहीतर दही.

नाचणीचे लाडूही आणले होते. चव छान, पण तूप इतकं कमी की हातात घेताच भुगा. लहान मुलांना देण्यासारखे नाहीत. चिवडा बरा.

भाजणी अर्धा किलोच आणा, पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शनिवारी संध्याकाळी गेलात तर बहुतेक संपलेली असते.