एचआयव्हीला दारातच अडवणारी प्रथिने: प्रोजेक्टसाठी कोणतं निवडाल?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला 'एचआयव्हीला पेशीत शिरू न देणारं प्रथिन' हा विषय पक्का झाला, पण प्रथिन कुठलं हे ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय.

आधी विषाणू आत कसा शिरतो ते बघू. त्याच्या आवरणावरचं जीपी१२० हे प्रथिन आपल्या टी-पेशीवरच्या (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशीवरच्या) सीडी४ या प्रथिनाला चिकटतं, मग तिथल्याच सीसीआर५ ला (कधी सीएक्ससीआर४ ला). त्यानंतर विषाणूचंच जीपी४१ हे प्रथिन दुमडतं आणि विषाणू व पेशी यांची आवरणं एक होतात. यातली कुठली पायरी अडवायची, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

सगळ्यात देखणी रचना ई-सीडी४-आयजी या कृत्रिम प्रथिनाची. सीडी४ चे पहिले दोन भाग प्रतिपिंडाच्या शेपटाला जोडलेले आणि टोकाला सीसीआर५ ची नक्कल करणारा छोटा पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी). म्हणजे विषाणूच्या दोन्ही पकडी एकदम गुंततात. २०१५ मध्ये मायकेल फारझान यांच्या गटाने याचं जनुक एएव्ही या निरुपद्रवी विषाणूच्या वाहकातून माकडांना दिलं आणि ती वारंवारच्या संसर्गाला पुरून उरली. वाचायला हा विषय फार मोहात पाडतो. पण त्या पेप्टाइडच्या टायरोसीन या अमिनो आम्लावर सल्फेट लागावा लागतो, आणि ई. कोलाय (लॅबमध्ये प्रथिनं बनवायला वापरतात तो जीवाणू) ते काम करत नाही. सस्तन पेशींचं कल्चर आणि सल्फेट लावणाऱ्या विकराचं जनुक सोबत हवं. लॅबमध्ये ही सोय नसेल तर सहा महिने क्लोनिंगमध्येच (जनुकांची जोडणी करण्यातच) जातील.

जीपी४१ अडवणाऱ्यांत एन्फुव्हिर्टाइडला २००३ मध्ये औषध म्हणून मान्यता मिळाली. ३६ अमिनो आम्लांचा पेप्टाइड, रोज दोनदा इंजेक्शन, टोचल्या जागी गाठी आणि शंभराहून जास्त टप्प्यांचं रासायनिक संश्लेषण. त्याचा फार प्रसार झाला नाही यात नवल नाही. तुमच्या कामाचं आहे ते ५-हेलिक्स: जीपी४१ च्या सहा सर्पिलांपैकी पाच एकाच साखळीत ओवलेली, सहावी जागा मोकळी. विषाणूचं सर्पिल त्या जागेत अडकतं आणि दुमडणं थांबतं. हे ई. कोलायमध्ये बनतं. ज्याला रचनाशास्त्रात रस आहे त्याने हे घ्यावं. अडचण अशी की ती जागा विषाणू शिरतानाच थोडा वेळ उघडी पडते, त्यामुळे बांधणी घट्ट असूनही परिणाम त्या मानाने कमी दिसू शकतो.

माझं मत मात्र ग्रिफिथसिनला. लाल शैवालातलं हे १२१ अमिनो आम्लांचं लेक्टिन (साखरांना चिकटणारं प्रथिन) जीपी१२० वरच्या मॅनोजयुक्त साखरांना धरतं, जोडीने राहतं आणि जोडीमागे साखर पकडायच्या सहा जागा असतात. पिकोमोलर, म्हणजे अतिशय कमी मात्रेतही काम करतं. ई. कोलायमध्ये बनतं, तंबाखूच्या जातीतल्या रोपांतूनही मोठ्या प्रमाणात काढलं गेलंय. ७८ व्या जागचं मिथिओनीन बदलून त्याला ऑक्सिडेशनपासून वाचवलेलं रूपही आहे. एखादं उत्परिवर्तन करायचं तर शिकायला याहून सोयीचं प्रथिन नाही.

चाचणीत मात्र कंजूषी नको. १९८०च्या दशकाच्या अखेरीस विद्राव्य (पेशीपासून सुटं केलेल्या) सीडी४ ने प्रयोगशाळेतल्या विषाणूंना सहज रोखलं. रुग्णांकडून मिळालेल्या विषाणूंसाठी मात्र कितीतरी जास्त मात्रा लागली, आणि ती दिशा मावळली. स्यूडोव्हायरस (एचआयव्हीचं आवरण असलेला, पण पुढे वाढू न शकणारा विषाणू) आणि संसर्ग मोजायच्या टीझेडएम-बीएल पेशी वापरल्या तर बीएसएल-२ (मध्यम सुरक्षा पातळीच्या) लॅबमध्ये काम होतं, कारण तो विषाणू एकाच फेरीपुरता असतो. भारतात मुख्यत्वे एचआयव्हीचा सबटाइप सी (एक उपप्रकार) आहे, आणि सी मध्ये जीपी१२० वरची २९५ व्या जागची साखर बऱ्याचदा नसते. ग्रिफिथसिनला ती साखर महत्त्वाची. भारतीय सी आवरणांवर ते किती उतरतं, हा प्रश्न प्रोजेक्टच्या आवाक्यातला आहे. पुण्याला भोसरीत आयसीएमआरची एचआयव्हीवर काम करणारी संस्था आहे. गाईडची तिथे ओळख असेल तर स्यूडोव्हायरसचं आधी विचारून घ्या, क्लोनिंग नंतर.