गोकर्णाच्या करार शेतीत ७३,३०० रुपये गेले

कुंपणावर फुकट चढणारी, रोज देवाला वाहिली जाणारी गोकर्ण, तिचं बी मी किलोला ६,५०० रुपये मोजून घेतलं. हसायचं त्यांनी आधी हसून घ्या, मग वाचा.

योजना सगळ्यांना पाठ असेलच: बी आमचं, मेहनत तुमची, माल आम्ही उचलणार. इंदूरच्या एका चकचकीत ऑफिसात 'निळ्या चहा'साठी सुक्या फुलाला किलोमागे ९०० रुपये लिहून देत होते. नोंदणी ५,१००, चार किलो बी २६,०००, सुकवायच्या जाळ्या १८,४००. बांबू-तारेचा मांडव आपला आपण, तो २३,८००. सगळं एका एकरासाठी.

चार किलो! इथंच कळायला हवं होतं. बी तळहातावर ओतलं होतं, मुगापेक्षा थोडं मोठं, चपटं, तपकिरी ठिपक्यांचं. एका किलोत वीस हजारांच्या वर दाणे बसतात. मीटर-मीटरवर वेल लावले तर एकरी चार हजार खड्डे, खड्ड्यात दोन दाणे, म्हणजे आठ हजार. चारशे ग्रॅममध्ये भागलं असतं. पाव किलो जिरं घेताना काट्याकडे डोळे लावून बसणारे आपण, तिथं साधा गुणाकार सुचला नाही. पण समोरचा अस्खलित मराठीत 'काका, काका' करत होता. इंदुरात आपला माणूस भेटला की विश्वास बसतोच, तो काही गुन्हा नाही.

बियांचं कवच कडक असतं, हे खरं. डोळा सोडून दुसरी बाजू पॉलिश पेपरवर घासायची, रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं, फुगलेलं पेरायचं, न फुगलेलं पुन्हा घासायचं. फुगून बुळबुळीत होतं आणि कुजतं ते मेलेलं बी. कंपनीला हे ठाऊक असतं, म्हणून उगवलं नाही की 'तुम्ही भिजवलं नाही' हे उत्तर तयारच. ओल्या फडक्यात ४० दाणे नीट घासून ठेवले, ९ उगवले. ही चाचणी पैसे देण्याआधी करायची. पिशवीवर लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख नसेल तर ती हातातही धरू नका.

कंपनीच्या फोटोत फुलं गर्द निळी, डबल पाकळीची. शेतात एकेरी, त्यातही तिसरा हिस्सा पांढरा. पांढऱ्या फुलाचा चहा निळा होत नाही, कितीही उकळा.

गोकर्णीचा दोष नाही. मूळ खोल जातं, एकदा रुजली की पाण्याची ओढ सोसते, माळव्याच्या काळ्या मातीतही येते. फक्त पावसाळ्यात बुडाशी पाणी साचलं की मूळ कुजतं, म्हणून गादीवाफा. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, तरी कंपनीच्या माहितीपत्रकात दर पंधरा दिवसांनी युरिया! नुसता पाला माजतो.

आणि कंपनी म्हणे एकरी रोज ५ किलो सुकं फूल मिळेल? काट्यावर शंभर ताजी फुलं ४० ग्रॅम भरली. दहा किलो ताज्याचं एक किलो सुकं होतं, म्हणजे किलोला पंचवीस हजार फुलं. पाच किलोला वेलामागे रोज एकतीस! चांगल्या दिवशी सहा-सात मिळतात, तीही सकाळीच खुडायची.

३ किलो २०० ग्रॅम माल सावलीत सुकवून पाठवला. 'रंग उडालाय' म्हणून परत. करारात 'कंपनीच्या निकषांनुसार' हे दोन शब्द आहेत, निकष कुठंच नाहीत. मग फोन बंद, शटर खाली.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "ये दीवानी मामला है, कोर्ट जाओ." कृषीवाले म्हणाले हे अधिसूचित पीक नाही, उद्यानिकीत, म्हणजे फळं-फुलांच्या खात्यात, जा. उद्यानिकीवाले म्हणाले ही औषधी वनस्पती, दुसऱ्या टेबलावर जा. दुसऱ्या टेबलावरचे साहेब दौऱ्यावर. पाच खेपा, प्रत्येक खेपेला नव्या झेरॉक्स, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न: "पढ़े-लिखे होकर कैसे फँस गए?" महिन्यानं मोबाइलवर संदेश आला, 'आपकी शिकायत का समाधान कर दिया गया है.' कुठलं समाधान, कोणाचं?

ज्यांचे पैसे असेच अडकलेत त्यांनी रिकामी पिशवी फेकू नका, चॅट पुसू नका. ग्राहक आयोगात तेच मागतात. आणि पावतीवर काय लिहिलंय ते आजच वाचा. माझ्या २६,०००च्या पावतीवर बियांचा उल्लेखच नाही. तिथं लिहिलंय, 'सहयोग राशि'.